गोरेगावचे गवती माळ व आगंतुक वनस्पती

मुंबई उपनगर जिल्ह्यात गोरेगाव रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस आरे, साई, गुंडगाव, दिंडोशी, मरोळ-मरोशी, पासपोली इ. जुन्या गावांच्या हद्दीत टेकड्या, खोलगट खाचरे आणि ओहोळ यांचा एक सलग टापू आहे. या टापूचा पुष्कळसा भाग पूर्वी गवताखाली होता. आज त्याच उतारांवर घाणेरी, रानमोडी, गिरिपुष्प, सुबाभूळ यांसारख्या परदेशीय वनस्पतींची दाटी आढळते, तर ओलसर सखल जागी पॅरा हे आफ्रिकी गवत माजलेले दिसते. एतद्देशीय गवताच्या जागी या वनस्पती कशा आल्या, याचा इतिहास केवळ वनस्पतींचा नाही. शेतीची पद्धती, मुंबई शहराची वैरणीची व दुधाची गरज, जमिनीची मालकी आणि सरकारी योजना यांच्याशी तो निगडित आहे. हिरवे दिसणारे सर्वच रान सारख्या मोलाचे नसते, ही गोष्ट या इतिहासावरून स्पष्ट होते.

भूस्वरूप व हवामान : हा टापू साष्टी बेटाच्या मध्यवर्ती डोंगररांगेचा पायथा होय. त्याच्या उत्तरेस व पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वनक्षेत्र असून विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे मुंबईला पाणी पुरविणारे जलाशय त्या वनक्षेत्रात आहेत. ओशिवरा नदी आरेच्या परिसरात उगम पावते. मिठी नदीचे पाणलोट क्षेत्रही या टापूस भिडलेले आहे. येथील खडक मुख्यत्वे ज्वालामुखीजन्य आहे. उतारावर मुरमाड मातीचा पातळ थर आणि सखल भागात चिकण माती आढळते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सर्वसाधारणपणे २०० ते २५० सेंमी. पाऊस पडतो व उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. इतका पाऊस असलेल्या प्रदेशात जमीन मोकळी सोडल्यास कालांतराने तेथे पानझडी वा मिश्र वन वाढते. त्यामुळे येथील गवती माळ हवामानाने सहज टिकलेले नाहीत. वृक्षांची वाढ सतत रोखली गेल्यामुळेच ते टिकून राहिले होते.

मूळ तृणसमूह : पी. एम. दाबडघाव व के. ए. शंकरनारायण या तृणशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये भारतातील तृणावरणाचे पाच मुख्य प्रकार पाडले. त्यांपैकी सेहिमा-डायकँथियम या प्रकारात द्वीपकल्पाचा बहुतेक भाग मोडतो. पवन्या, मारवेल, कुसळी, थेमेडा प्रजातीतील उंच गवते आणि वाटांच्या कडेची हरळी ही या प्रदेशातील परिचित गवते होत. एथेलबर्ट ब्लॅटर व चार्ल्स मकॅन या वनस्पतिविज्ञांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्लॅटर हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात अध्यापक होते. ग्रंथ निघण्याच्या आधीच्या वर्षी त्यांचे निधन झाले. मकॅन हे बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीत काम करीत. तृणकुलातील जातींची विविधता या प्रदेशात किती मोठी आहे, याची कल्पना त्या ग्रंथावरून येते.

गवती माळ म्हणजे केवळ गवत नव्हे. पहिल्या सरींबरोबर फोडशी, सफेद मुसळी यांसारखे कंद फुटतात. पाठोपाठ तेरडा, कवला, सोनकी व भूमीवर वाढणारी आमरे उगवतात. भाद्रपद-आश्विनात गवत निसवते आणि कार्तिकात वाळून पिवळे पडते. बहुवर्षायू गवतांच्या कळ्या जमिनीलगत किंवा जमिनीखाली असल्याने वरचा भाग कापला, चरला वा जळला, तरी पुढील पावसात ते पुन्हा फुटते. वर्षायू ओषधी बीजरूपाने कोरडा काळ काढतात. या ऋतुचक्रावर नाकतोडे, फुलपाखरे, सरडे, चंडोल, लावे व ससे यांचे जीवन अवलंबून असते. भेकर व चितळ यांना गवताचे कोवळे फुटवे उपयोगी पडतात आणि त्यांच्या मागे बिबट्याही येतो. उघड्या, दगडाळ व गवताळ जागी राहणारे लहान जीव सहसा लक्षात येत नाहीत, तथापि त्यांचे वैविध्य मोठे आहे. आरेच्या नावावरून लायकस आरेएन्सिस असे नाव दिलेल्या विंचवाच्या जातीचे वर्णन प्रथम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

वरकस जमीन व राब : साष्टीच्या जुन्या शेतीत जमिनीचे दोन मुख्य भाग पडत. सखल खाचरात भात होई. चढावरची हलकी जमीन वरकस म्हणून ओळखली जाई. वरकस जमिनीवर नाचणी, वरी यांसारखी भरड धान्ये पाळीपाळीने घेत व मधल्या वर्षांत तेथे गवत वाढू देत. भाताचे रोप तयार करण्यापूर्वी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, डहाळ्या व गवत यांचे थर पसरून जाळण्याच्या पद्धतीस राब म्हणतात. राबासाठी लागणारे बरेचसे साहित्य वरकस जमिनीतून येई. म्हणजेच भाताचे खाचर गवताच्या माळावर अवलंबून होते. गवत घरे शाकारण्यासाठी आणि गुरांच्या बेगमीसाठीही लागे. या टापूतील वारली, कोकणा, मल्हार कोळी आदी आदिवासींच्या पाड्यांचा गवताशी संबंध याच स्वरूपाचा होता. पावसाळ्यानंतरची कापणी, ठराविक जागची चराई आणि अधूनमधून लावलेली आग यांमुळे झुडपे व वृक्ष यांना उतारावर जम बसविता येत नसे. गवती माळ निसर्गाचा होता, पण तो राखण्यात मनुष्याचा हात होता.

साष्टी बेट १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे व १७७४ मध्ये मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेले. १८८२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये राब व वरकस यांचे वर्णन आढळते, ते या जुन्या घडीचे. तत्पूर्वी १८३० च्या सुमारास कंपनी सरकारने साष्टीतील अनेक गावे मुंबईतील धनिक व्यापाऱ्यांना लावून दिली. पवईची जहागीर फ्रामजी कावसजी यांच्याकडे होती. तेथे त्यांनी ऊस, तुती यांसारख्या नव्या लागवडींचे प्रयोग केले. अशा जमीनदारी गावांत गवताला व झाडांना रोख किंमत आली. १८६४ मध्ये बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचली आणि साष्टीची पश्चिम बाजू शहराशी जोडली गेली.

गवताचा व्यापार : एकोणिसाव्या शतकातील मुंबईची वाहतूक जनावरांवर चालत असे. बग्ग्या, बैलगाड्या, लष्कराचे घोडे आणि १८७४ मध्ये सुरू झालेली घोड्यांची ट्राम या सर्वांना वैरण लागे. त्यांत शहरातील गोठ्यांमधील म्हशींची भर पडे. ठाणे जिल्ह्यातील डोंगरउतारांवरचे गवत कापून, वाळवून व गंज्या रचून मुंबईच्या बाजारात पाठविण्याचा धंदा त्यामुळे वाढला. ज्या जमिनीतून पूर्वी राबाचे साहित्य निघे, तीच आता विक्रीचे गवत देऊ लागली. या व्यापाराने माळावरचा ताण वाढविला, पण माळ मोडला नाही. कापणी बिया झडल्यानंतर होई व झुडपे वाढली, तर गवताचे उत्पन्न घटे. त्यामुळे माळ स्वच्छ राखण्यात मालकाचा लाभ होता. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली व पुढे मोटारी आल्या. तेव्हा घोड्यांच्या वैरणीची मागणी ओसरली. म्हशींच्या वैरणीची मागणी मात्र टिकून राहिली आणि पुढे तीच या टापूचे भवितव्य ठरविणारी झाली.

आरे दुग्ध वसाहत : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाची टंचाई व भेसळ यांचा प्रश्न तीव्र झाला. शहराच्या दाट वस्तीतील तबेले आरोग्यास घातक ठरत होते. ही जनावरे शहराबाहेर न्यावीत, त्यांच्या मालकांना परवाने देऊन एके ठिकाणी वसवावे आणि दूध सरकारने खरेदी करून ते निर्जंतुक करून वाटावे, अशी योजना आखण्यात आली. तीनुसार १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या कार्याचे प्रमुख शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासह रॅमन मॅगसायसाय पुरस्कार मिळाला. वसाहतीचे क्षेत्र सु. १,२८७ हे. असून तीत ३२ तबेले व सु. १६,००० जनावरे यांची सोय करण्यात आली होती. १९५१ च्या कायद्याने साष्टीतील जुन्या जहागिरींची सारामाफीही संपुष्टात आली.

एवढ्या जनावरांना बारमाही हिरवा चारा लागतो. डोंगरी गवताची वर्षातून एकच कापणी निघते व ते लवकर राठ होते. उलट, तबेले धुतल्यानंतरचे शेणमूत्रमिश्रित पाणी रोज मोठ्या प्रमाणात उपलब्ध होते. त्या पाण्यावर सखल जमिनीत पॅरा गवताची लागवड करण्यात आली. सांडपाण्याची विल्हेवाट आणि चाऱ्याची निपज ही दोन्ही कामे त्यामुळे एकदम साधली. व्यवहाराच्या दृष्टीने ही योजना सयुक्तिक होती.

पॅरा गवत (ब्रॅकिएरिया म्यूटिका) मूळचे उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतील असून ब्राझीलमधील पारा या प्रांतावरून त्यास हे नाव पडले. भारतात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. त्याची जाड, लवदार खोडे जमिनीवर सरपटतात, प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात आणि खोडाचा तुकडा टाकला तरी नवे रोप तयार होते. पाणी साचलेल्या जागी ते जोमाने वाढते व वर्षातून सहा ते आठ कापण्या देते. जे गुण चारापिकाचे भूषण, तेच मोकाट वनस्पतीचे सामर्थ्य ठरतात. ओहोळाच्या काठी, जुन्या भातखाचरांत व दलदलीत हे गवत एकदा शिरले, की लव्हाळे, देवधानासारखी रानभाते व इतर पाणथळ ओषधी यांना जागा उरत नाही. प्रवाहही अडतो. उत्तर ऑस्ट्रेलियात काकाडूच्या पूरमैदानांवर चारा म्हणून लावलेल्या याच गवताने तेथील रानभात व पाणपक्ष्यांचे अधिवास व्यापले. आरेमध्ये पॅरा गवताचा फैलाव मुख्यतः ओल्या जागांपुरता मर्यादित राहिला. तथापि त्याचा अप्रत्यक्ष परिणाम डोंगरउतारांपर्यंत पोहोचला. जनावरांचा चारा खोलगट भागातून व बाहेरून आणलेल्या वैरणीतून भागू लागल्याने चढावरच्या गवताचे आर्थिक मोल कमी झाले. नियमित कापणी जेथे थांबली, तेथे झुडपांना वाव मिळाला.

झुडपी आक्रमक वनस्पती : घाणेरी किंवा टणटणी (लँटाना कॅमेरा) हे उष्ण अमेरिकेतील क्षुप यूरोपातील बागांत संकरित होऊन शोभेसाठी जगभर पसरले. भारतात ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आले. कुंपणासाठी व बागेसाठी त्याची लागवड सर्वत्र झाली. त्याची लहान, काळी, मांसल फळे बुलबुल, साळुंकी इ. पक्षी खातात व बिया दूरवर टाकतात. फुले जवळजवळ वर्षभर येतात. खोड तोडले, तर बुंध्यापासून अनेक नवे फुटवे निघतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील वाघांच्या वनक्षेत्रांपैकी ४० टक्क्यांहून अधिक भागास या वनस्पतीचा उपद्रव आहे.

रानमोडी (क्रोमोलीना ओडोराटा) हीदेखील अमेरिकेतील असून एकोणिसाव्या शतकात भारतात आली आणि विसाव्या शतकात सह्याद्रीच्या पट्ट्यात पसरली. रान मोडणारी या अर्थाचे तिचे लोकनाम अन्वर्थक आहे. तिच्या कृत्स्नफळांस केसांचा झुबका असल्याने ती वाऱ्याबरोबर उडतात व कपड्यांना, जनावरांच्या अंगाला चिकटतात. तोडलेले रान, रस्त्याच्या कडा व जळलेले उतार ती प्रथम व्यापते.

गाजर गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) हे नावाने गवत असले, तरी तृणकुलातील नाही. ते सूर्यफुलाच्या कुलातील वर्षायू ओषधी होय. पुणे येथे १९५० नंतरच्या दशकात त्याची नोंद झाली आणि आयात धान्याबरोबर ते पसरल्याचे सामान्यतः मानले जाते. बांधकामाचा राडारोडा, पडीक जागा व रस्त्यांच्या कडा ही त्याची आवडती स्थाने. त्याच्या स्पर्शाने त्वचेचे विकार व परागांमुळे श्वसनाचे विकार उद्भवतात.

याखेरीज हेतुपुरस्सर लावलेल्या वृक्षांचाही विचार करावा लागतो. जलद वाढणारे आणि निकस जमिनीत तग धरणारे म्हणून गिरिपुष्प अथवा उंदीरमारी, ऑस्ट्रेलियन बाभूळ व सुबाभूळ यांची लागवड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रभर झाली. सुबाभळीस १९७० नंतरच्या दशकात चारा व सरपण देणारा वृक्ष म्हणून मोठे प्रोत्साहन मिळाले. उघडा माळ ही रिकामी, ओसाड जमीन आहे व तिच्यावर झाडे लावणे हेच तिचे पुनरुज्जीवन, ही समजूत या लागवडीच्या मुळाशी होती. १९७७ मध्ये गोरेगावच्या याच डोंगराळ भागात चित्रनगरी उभी राहिली. रस्ते, इमारती व वस्त्या यांसाठी उतार कापले जाऊ लागले. उकरलेली माती ही रानमोडी व गाजर गवत यांना खुले निमंत्रणच असते.

परिणामांची प्रक्रिया : गवती परिसंस्थेवर आगंतुक झुडपांचा पहिला आघात सावलीचा असतो. बहुतेक उष्ण प्रदेशीय गवतांना भरपूर सूर्यप्रकाश लागतो. घाणेरीची जाळी दोन-तीन मी. उंचीची व अभेद्य झाली, की तिच्याखालचे गवत एकदोन पावसाळ्यांत विरळ होते. दुसरा आघात रासायनिक आहे. घाणेरी, रानमोडी व गाजर गवत यांच्या पानांतून व मुळांतून जमिनीत उतरणारी काही द्रव्ये इतर वनस्पतींच्या बीजांकुरणास बाधक ठरतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तिसरा आघात चराईतून होतो. गुरे व हरणे गवत खातात व झुडपे टाळतात. त्यामुळे चराई जितकी अधिक, तितका झुडपांना लाभ होतो. जी चराई पूर्वी माळ राखीत असे, तीच आता त्याच्या नाशास हातभार लावते. उपासमारीत गुरांनी घाणेरीचा पाला खाल्ला, तर त्यातील लँटाडीन या विषामुळे यकृतास इजा होते, कावीळ होते व उन्हात कातडी भाजल्यासारखी सोलते.

चौथा परिणाम आगीच्या स्वरूपावर होतो. वाळलेल्या गवताची आग उथळ व वेगवान असते. ती क्षणात पुढे सरकते व जमिनीखालच्या कळ्यांना फारशी झळ लागत नाही. रानमोडीची वाळलेली खोडे व घाणेरीच्या जाळ्या मात्र उंच व दीर्घकाळ जळतात आणि ज्वाला झाडांच्या फांद्यांपर्यंत पोहोचवितात. अशा आगीनंतर गवताआधी पुन्हा झुडपेच फुटतात. ३ डिसेंबर २०१८ रोजी गोरेगाव पूर्वेकडील डोंगरावर मोठी आग लागली व ती दूरवर पसरली. अशा प्रसंगांमुळे या टापूतील इंधनभाराचा प्रश्न नागरिकांच्या नजरेस आला.

या सर्वांचा एकत्रित परिणाम म्हणजे जातिवैविध्याची घट. एका चौरस मीटरात जेथे अनेक गवते, शेंगावर्गीय ओषधी व कंद एकत्र नांदत, तेथे एकाच क्षुपाची सत्ता येते. भूमीवर घरटी करणारे पक्षी, नाकतोडे व त्यांवर जगणारे सरडे कमी होतात. पाड्यांतील लोकांना शाकारणीचे गवत, पावसाळ्यातील रानभाज्या व शेळ्यांचा चारा मिळविण्यासाठी अधिक दूर जावे लागते. वनस्पतींचे ज्ञान वापराबरोबर टिकते. वापर थांबला, की नावेही विसरली जातात.

चित्राची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. घाणेरीच्या व रानमोडीच्या फुलांतील मधावर फुलपाखरांचे थवे येतात. फळांवर पक्षी जगतात. दाट जाळीत रानडुकरांना व बिबट्यांना आसरा मिळतो. उंच उतारावर मुळे माती धरून ठेवतात. त्यामुळे झुडूप पाहताच उपटून टाकणे हा सरसकट उपाय ठरत नाही. काढल्यानंतर त्या जागी काय येणार, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

नियंत्रण : आक्रमक वनस्पतींचे नियंत्रण यांत्रिक, रासायनिक व जैव अशा तीन प्रकारे करतात. घाणेरीवरील जैव नियंत्रणाचा इतिहास जुना आहे. हवाई बेटांसाठी १९०२ मध्ये मेक्सिकोतून तिचे शत्रुकीटक आणण्यात आले. भारतात फळे पोखरणारी एक माशी १९२१ मध्ये व पानांतील रस शोषणारा टेलिओनेमिया हा ढेकूण १९४१ मध्ये आणण्यात आला. हे कीटक पाने गाळतात, परंतु पावसाळ्यात झुडूप पुन्हा भरते. घाणेरी ही अनेक संकरांची मिळून झालेली असल्याने एकच कीटक सर्वत्र सारखा प्रभावी ठरत नाही. गाजर गवतासाठी मेक्सिकोतून आणलेल्या झायगोग्रामा भुंगेऱ्याचा १९८३ पासून झालेला उपयोग त्यामानाने अधिक यशस्वी ठरला. रासायनिक तणनाशके पाणलोट क्षेत्रात वापरणे इष्ट नसते.

दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू व त्यांचे सहकारी यांनी कॉर्बेट परिसरात घाणेरीचा बुंधा जमिनीखाली, जेथून फुटवे निघतात त्या भागासह तोडून झुडूप उलटे ठेवण्याची पद्धत वापरली आणि मोकळ्या जागी देशी गवते लावली. माती फारशी न उकरता काम होते, हा या पद्धतीचा मुख्य गुण आहे. कर्नाटकातील मले महादेश्वर डोंगरांत काढलेल्या घाणेरीच्या काड्यांपासून आदिवासी कारागीर खुर्च्या, टोपल्या इ. वस्तू बनवितात. गोरेगावसारख्या टापूत अशा कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा लागतो : प्रथम विरळ झुडपांचे उतार हाती घ्यावेत. दाट जाळी टप्प्याटप्प्याने व पक्ष्यांचा विणीचा हंगाम टाळून काढावी. फळे धरण्यापूर्वी तोड करावी. त्याच पावसाळ्यात पवन्या, मारवेल यांचे स्थानिक बी वा ठोंब लावावेत. पुढे किमान तीन-चार वर्षे उगवती रोपे उपटीत राहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पावसाळ्यानंतरची कापणी पुन्हा सुरू करावी. ती कापणी पाड्यांतील लोकांच्या हाती राहिल्यास गवत त्यांच्या उपयोगी पडते व माळ मोकळा राहतो.

ओल्या भागातील पॅरा गवताची गोष्ट वेगळी आहे. जनावरांसाठी त्याची लागवड जेथे चालू आहे, तेथे ते पीक आहे. ओहोळात व सोडून दिलेल्या खाचरांत ते तण आहे. या दोहोंमधील सीमा राखणे, कापलेले तुकडे प्रवाहात जाऊ न देणे आणि सांडपाणी शुद्ध करून सोडणे एवढे साधले, तर त्याचा पुढील फैलाव पुष्कळ अंशी आटोक्यात राहू शकतो. पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी कमी झाल्यास या गवताचा जोमही ओसरतो.

कायदेशीर दर्जा व संरक्षण : डिसेंबर २०१६ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे परिस्थितिसंवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले, तेव्हा आरेतील मेट्रो कारशेडची जागा त्यातून वगळण्यात आली. आरे हे वन आहे किंवा नाही, हा वाद त्यानंतर न्यायालयांत लढला गेला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या व त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोडीस मनाई केली, तोपर्यंत २,१४१ झाडे पडली होती. २०२० मध्ये राज्य शासनाने कारशेड कांजूरमार्ग येथे हलविण्याचा निर्णय घेतला व आरेतील ८१२ एकर क्षेत्र राखीव वन करण्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेतच आणण्यात आली. या मार्गाचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला.

या वादात झाडांची संख्या हे मोजमाप केंद्रस्थानी राहिले. वृक्ष मोजता येतात, त्यांना क्रमांक देता येतात व तोडलेल्या वृक्षाऐवजी दुसरा लावल्याची नोंद करता येते. गवती माळास असे मोजमाप नाही. तेथे लावलेले प्रत्येक रोप कागदावर भर म्हणून नोंदले जाते, प्रत्यक्षात ते माळाची घट ठरू शकते. भरपाईची वृक्षलागवड अशा मोकळ्या उतारांवर झाली, तर एका अधिवासाच्या हानीत दुसऱ्याच्या हानीची भर पडते. राखीव वन म्हणून संरक्षण मिळालेल्या क्षेत्रातही हाच धोका संभवतो. कुंपण घालून कापणी व चराई पूर्ण बंद केल्यास तेथे देशी वनाऐवजी घाणेरी व रानमोडी यांची वाढ होण्याचा संभव अधिक असतो. कारण त्यांच्या बियांचा साठा जमिनीत आधीच असतो आणि पक्षी व वारा त्यांत दरवर्षी भर घालतात. म्हणून कोणता उतार वनाकडे जाऊ द्यावा, कोणता गवताखाली राखावा व कोणत्या ओहोळाचा काठ मोकळा करावा, याचा आराखडा स्थळानुसार करणे अगत्याचे ठरते.

महानगराच्या हद्दीत राष्ट्रीय उद्यान, आदिवासी पाडे, तबेले व गवती उतार एकमेकांना लागून असल्याचे उदाहरण विरळ आहे. गोरेगावच्या माळांवर आज दिसणारी स्थिती कोणत्याही एका वनस्पतीच्या आक्रमणाने आलेली नाही. वरकस जमिनीचा वापर संपला, चाऱ्यासाठी परदेशीय गवत आणले गेले, मोकळ्या जमिनीस ओसाड मानून झाडे लावली गेली आणि रस्ते व बांधकामे यांसाठी माती उकरली गेली. या प्रत्येक टप्प्यावर नव्या वनस्पतीला जागा मिळत गेली. मूळ गवते मात्र अद्याप नामशेष झालेली नाहीत. खडकाळ कड्यांवर, पातळ मातीच्या पठारी तुकड्यांवर आणि नियमित कापणी होणाऱ्या जागी ती टिकून असून पुनरुज्जीवनासाठी लागणारे बी तेथूनच मिळू शकते.